एका डॉलरचं खरेदीखत

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, प्रसिद्ध धबधब्याला लागून, नायगारा फॉल्स याच नावाचं शहर आहे. तिथे २८ एप्रिल १९५३ रोजी जमिनीचा एक व्यवहार झाला. विकणारी हूकर केमिकल ही कंपनी, घेणारं शहराचं शिक्षण मंडळ, क्षेत्र सुमारे १६ एकर आणि किंमत एक डॉलर. आपल्याकडे असं खत नोंदणीला आलं असतं तर दुय्यम निबंधकांनी चष्म्यावरून एकदा तरी पाहिलं असतं. त्या खताच्या शेवटी एक कलम होतं. या जागेत रसायनांच्या कारखान्यातला टाकाऊ माल भरलेला आहे याची कल्पना घेणाऱ्याला दिली आहे. त्यापायी पुढे कुणाला इजा झाली, कुणी दगावलं किंवा कुणाच्या मिळकतीचं नुकसान झालं तर जोखीम घेणाऱ्याची. कंपनीवर दावा चालणार नाही. आणि ही जमीन पुढे ज्याला विकली जाईल त्यालाही याच अटी लागू राहतील.

कोणताही वकील हे वाचून म्हणेल, कलम पक्कं आहे. विकणाऱ्याने काही लपवलं नाही, घेणाऱ्याने सही केली, पुढच्यांनाही बांधून ठेवलं. तरीही चार दशकांनंतर त्या कंपनीच्या वारसदाराला, म्हणजे १९६८ मध्ये हूकर विकत घेणाऱ्या ऑक्सिडेंटल पेट्रोलियमला, २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. हे कलम कसं आणि कुठे निकामी झालं ते पाहिलं, की दूषित जमिनीची मालकी आणि विक्री हे काय प्रकरण आहे ते उलगडत जातं.

जागेचं नाव लव्ह कॅनॉल. त्यात प्रेमाचा काही संबंध नाही. विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने १८९०च्या दशकात नायगारा नदीच्या वरच्या आणि खालच्या पात्रांना जोडणारा कालवा खणून त्यावर वीज तयार करायची आणि भोवती एक आदर्श नगर वसवायचं ठरवलं होतं. १८९३ची मंदी आली, भांडवल आटलं. त्यातच प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहामुळे वीज दूरवर नेता येऊ लागली, त्यामुळे कारखान्यांना पाण्याच्या काठाशी यायची गरजच उरली नाही. योजना बुडाली आणि मागे एक अर्धवट चर राहिला. त्याच्या कडा चिकणमातीच्या होत्या, म्हणून टाकाऊ रसायनं पुरायला ही जागा उत्तम आहे, असं हूकरला वाटलं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते अगदीच चूक नव्हतं. १९४२ ते १९५३ या काळात कंपनीने तिथे सुमारे २१ हजार टन माल पुरला. त्यात लिंडेन होतं, क्लोरोबेन्झीन होती आणि ट्रायक्लोरोफिनॉल होतं, ज्याच्यासोबत डायॉक्सिन येतं. वरून मातीचं आच्छादन घातलं.

युद्धानंतर शहर वाढत होतं आणि शाळांना जागा हवी होती. मंडळाने कंपनीकडे जमीन मागितली. इथून पुढे दोन कथा सांगितल्या जातात. एका कथेत कंपनी खलनायक आहे: विषारी उकिरडा मुलांच्या गळ्यात बांधून मोकळी झाली. दुसऱ्या कथेत ती बिचारी आहे: मंडळाने सक्तीच्या भूसंपादनाची भीती घातली, तरी तिने जागेवर भोकं पाडून आत काय आहे ते दाखवलं आणि खतात लिहूनही दिलं. मला दोन्ही कथा अपुऱ्या वाटतात. कंपनीने सांगितलं हे खरं. पण आपल्यावर पुढे दावे येणार नसतील तर जागा शाळेला देणं शहाणपणाचं ठरेल, हा हिशेबही तिच्या अंतर्गत पत्रव्यवहारात होता. आणि मंडळाने ते कलम वाचून, समजून सही केली. बांधकाम सुरू झाल्यावर रसायनांची पिंपं लागली, तेव्हा शाळेच्या इमारतीची जागा थोडी सरकवण्यात आली. शाळा मात्र झालीच. १९५५ मध्ये वर्ग भरू लागले.

१९५७ मध्ये मंडळाला या जमिनीचा काही भाग घरं बांधणाऱ्या विकासकांना द्यायचा होता. तेव्हा हूकरचा वकील मंडळाच्या सभेत आला आणि इथे तळघरं खोदू नका, जमीन त्या लायकीची नाही, असं बजावून गेला. विकून टाकलेल्या जमिनीबद्दल विकणाऱ्याने असं पुन्हा येऊन बोलणं सहसा होत नाही. तरीही खोदकाम थांबलं नाही. आच्छादनाची माती उचलून दुसरीकडे वापरली गेली. शहराने रस्ता आणि मलवाहिन्या नेताना चिकणमातीच्या कडा फोडल्या. पुढे जमिनीचे तुकडे होऊन तिचा बराच भाग मंडळाच्या हातूनही गेला.

पण सगळ्यात मोठी गफलत वेगळीच होती आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. कालव्याच्या दोन्ही बाजूंना, ९७व्या आणि ९९व्या रस्त्यांवर, जी घरं उभी राहिली ती हूकरच्या जमिनीवर नव्हतीच. ते प्लॉट कायम वेगळ्या मालकांचे होते. त्यामुळे त्यांच्या खरेदीखतांत ते कलम येण्याचा प्रश्नच नव्हता. घर घेणाऱ्याने स्वतःच्या प्लॉटचे जुने दस्त कितीही मागे जाऊन चाळले असते, तरी त्याला रसायनांचा उल्लेख सापडला नसता. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. कागद त्या सीमांच्या आत राहतो. भूजल राहत नाही. आच्छादन फुटल्यावर पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या चरात शिरत राहिलं. चिकणमातीमुळे ते खाली झिरपेना, तेव्हा झाकण उडालेल्या हौदासारखा चर काठोकाठ भरला आणि कडेने ओसंडू लागला. १९७०च्या दशकाच्या मध्यावर शेजारच्या तळघरांत काळपट, उग्र वासाचा द्रव येऊ लागला.

त्यानंतरचा घटनाक्रम बऱ्याच वाचकांना माहीत असेल. नायगारा गॅझेटचा वार्ताहर मायकेल ब्राउन याने बातम्या लावून धरल्या. लोइस गिब्ज ही गृहिणी मुलाची शाळा बदलून मिळावी म्हणून धडपडताना घरमालकांच्या संघटनेची पुढारी झाली. २ ऑगस्ट १९७८ रोजी राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी गर्भवती स्त्रिया आणि दोन वर्षांखालची मुलं यांनी परिसर सोडावा असं सांगितलं. पाचच दिवसांनी अध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली आणि कालव्याला लागून असलेल्या २३९ कुटुंबांची घरं राज्याने विकत घ्यायचं ठरलं.

घरमालक म्हणून या लोकांवर काय गुदरलं, त्याबद्दल मात्र कमी बोललं जातं. त्यांच्यापैकी अनेक जण याच शहरातल्या रासायनिक कारखान्यांत कामाला होते. घर हीच त्यांची बचत. कर्जाचे हप्ते चालू होते. दोन वर्षांखालच्या मुलाला बाहेर न्या म्हणून सरकार सांगतं, तीन वर्षांच्या मुलाचं काय करायचं ते सांगत नाही, आणि घर विकून निघून जावं तर त्या पत्त्यावर कुठली बँक कर्ज देणार आणि कोण गिऱ्हाईक येणार? कालव्यालगतच्या २३९ घरांना निदान सरकार हे गिऱ्हाईक मिळालं. बाहेरच्या रस्त्यांवरची सुमारे सातशे कुटुंबं आणखी दोन वर्षं अधांतरी राहिली. तुमची जागा धोक्याची नाही, असं त्यांना सांगितलं जात होतं. बाजार त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. १९ मे १९८० रोजी रहिवाशांनी केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या दोन अधिकाऱ्यांना काही तास संघटनेच्या कार्यालयात अडकवून ठेवलं. दोन दिवसांनी कार्टर यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली आणि त्यांच्याही स्थलांतराची सोय झाली. या कुटुंबांचं आंदोलन सामान्यतः आरोग्याचं म्हणून ओळखलं जातं. ते तितकंच न विकल्या जाणाऱ्या घरांचंही होतं.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला अमेरिकेत एक कायदा झाला. बोलताना त्याला सगळे सुपरफंड म्हणतात. या कायद्याने जमिनीच्या व्यवहारातलं एक गृहीतक उलटं केलं. सफाईचा खर्च कुणाकडून वसूल करायचा? ज्याने माल टाकला त्याच्याकडून. ज्याने टाकायची व्यवस्था केली त्याच्याकडून. ज्याने वाहून आणला त्याच्याकडूनही. माल टाकला गेला तेव्हा जो मालक होता त्याच्याकडून. आणि आज जो मालक आहे त्याच्याकडूनही. हेतू वाईट होता की नाही, हलगर्जीपणा झाला की नाही, हा प्रश्नच नाही. कायदा होण्याआधीच्या कृत्यांनाही तो लागू. आणि वाटे वेगळे काढता येत नसतील तर एकाच सापडलेल्या माणसाकडून सगळा खर्च घेता येतो. त्याने मग इतरांना शोधत बसावं.

आता त्या कलमाकडे पाहा. अशी कलमं या कायद्याने रद्द केली नाहीत. ‘सफाईचा खर्च घेणाऱ्याने सोसायचा’ असं विकणारा आणि घेणारा आजही ठरवू शकतात आणि त्यांच्यापुरतं ते चालतं. पण सरकार त्या करारात पक्षकार नसतं. ते मूळ दोषीच्या दाराशी येतंच. १९८८ मध्ये न्यायाधीश जॉन कर्टिन यांनी सफाईच्या खर्चासाठी ऑक्सिडेंटलला जबाबदार धरलं. याच न्यायाधीशांनी १९९४ मध्ये, कंपनीचं वागणं दंडात्मक भरपाई लावण्याइतकं बेफिकीर नव्हतं, असाही निकाल दिला. दोन्ही निकालांत विसंगती नाही. तुम्ही दुष्ट नव्हता हे मान्य, बिल मात्र तुमचंच. राज्याशी ९ कोटी ८० लाख आणि केंद्राशी १२ कोटी ९० लाख डॉलरची तडजोड झाली.

कायद्याचा खरा धसका मात्र रसायनं टाकणाऱ्यांपेक्षा जमिनी घेणाऱ्यांनी आणि बँकांनी घेतला. लाँग आयलंडवर एका विकसनकर्त्याने १९८३ मध्ये टाक्यांसकट एक जागा घेतली. टाक्यांत सुमारे ७ लाख गॅलन घातक द्रव होता आणि तो आपण आणलेला नाही, असं त्याच्या कंपनीचं म्हणणं होतं. शोअर रिअल्टी या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात १९८५ मध्ये न्यायालय म्हणालं, आणला नसेल, पण मालक तुम्ही आहात. वर्षभराने मेरीलँडमधल्या एका बँकेची पाळी आली. तिने कर्ज थकलं म्हणून एक शेत लिलावात स्वतःच ३ लाख ८१ हजार डॉलरना घेतलं. त्या शेतावर आधी कचरा टाकला गेला होता. सरकारने तो काढला. खर्च आला साडेपाच लाखांवर. न्यायालयाने बँकेला सांगितलं की तारणदार म्हणून तुम्हाला संरक्षण होतं, पण लिलावात घेऊन जमीन चार वर्षं जवळ ठेवल्यावर तुम्ही मालक झालात. तारण जप्त केल्याने कर्जाहून मोठा खड्डा पडू शकतो हे बँकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे १९९६ मध्ये कायदा सुधारून धनकोंना मोकळीक दिली गेली, पण तोवर बँकांना सवय लागली होती: कर्ज हवं तर जमिनीचा पर्यावरण अहवाल आणा.

हा अहवाल हाच या कथेतला सगळ्यात मोठा बदल आहे, असं मला वाटतं. त्याला ‘फेज वन’ म्हणतात. १९८६च्या दुरुस्तीने अजाण खरेदीदाराला सूट दिली, पण आधी पुरेशी चौकशी केली असेल तरच. मग ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे ठरवणं भाग पडलं आणि १९९३ मध्ये त्याचं प्रमाणित मानक आलं. गंमत अशी की फेज वनमध्ये मातीचा कणही उचलत नाहीत. हे सगळं कागदपत्रांचं आणि पायपिटीचं काम. विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्नचे जुने नकाशे पाहायचे: त्यांत कुठे रंगाचं गोदाम होतं, कुठे रॉकेलची टाकी होती, ते घरागणिक दाखवलेलं असतं. जुनी हवाई छायाचित्रं लावायची. शहराच्या जुन्या पत्तापुस्तकांत त्या क्रमांकावर ड्रायक्लीनर होता की सोनार, ते शोधायचं. आणि चतुःसीमेपलीकडच्या शेजाऱ्यांचाही हाच इतिहास काढायचा. मग जागेवर चालत जायचं. फरशीवरचे डाग, मेलेलं गवत, जमिनीतून वर आलेला एखादा निरुपयोगी पाइप पाहायचा. संशय आला तरच पुढची पायरी, म्हणजे भोकं पाडून माती आणि पाण्याचे नमुने. आणि अहवाल शिळा होतो: त्यातल्या मुख्य बाबी खरेदीच्या तारखेआधीच्या १८० दिवसांतल्या असाव्या लागतात.

विकणाऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. समजा तुमचा जुना, बंद पडलेला कारखाना आहे. नमुने घेतले नाहीत तर तुम्हाला काही माहीत नाही. घेतले आणि काही सापडलं, तर अनेक ठिकाणी ते सरकारला कळवणं भाग आहे, सफाई मागे लागते, आणि सफाई झाल्यावरही त्या जागेच्या नावावर बट्टा राहतो तो राहतोच. मग मालक काय करतो? काहीच नाही. कुंपण घालतो, पहारेकरी ठेवतो, कर भरतो आणि जमीन विकतच नाही. सुपरफंडने प्रदूषकांना धडा शिकवला हे खरं, पण शहरांच्या ऐन मध्यात अशी गोठलेली जमीनही मागे ठेवली. उद्योजकांनी मग शहराबाहेरची शेतजमीन घेणं पसंत केलं, कारण तिचा इतिहास गव्हाचा होता. हे लक्षात आल्यावर २००२ मध्ये कायद्यात नवा खरेदीदार आला: माहीत असून घेणारा, पण आधी चौकशी केलेला आणि नंतर काळजीने वागणारा. त्याला जुन्या पापाचं बिल लागत नाही. न्यू जर्सी राज्याने उलट्या बाजूने सुरुवात केली होती. तिथे १९८३ पासून ठरावीक उद्योगांची जागा विकायची किंवा उद्योग बंद करायचा असेल, तर आधी तपासणी आणि सफाई, किंवा त्याची हमी, असा नियम आहे. विक्री होणार म्हणून जमीन साफ होते. जिथे ना विक्री होते ना उद्योग बंद होतो, त्या जमिनी तशाच राहतात.

न्यू जर्सीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. एडिसन आणि आसपासच्या गावांत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांची या विषयाशी पहिली ओळख कारखान्यामुळे नव्हे, अंगणात पुरलेल्या तेलाच्या टाकीमुळे होते. तिकडच्या जुन्या घरांत थंडीत ऊब आणायला तेल जाळत. ते साठवायला जमिनीखाली पोलादी टाकी असे. पुढे गॅस आला, टाकी विसरली गेली, गंजली. सुपरफंड कायद्यातून पेट्रोलियम वगळलेलं आहे, पण राज्याचा कायदा त्याला सोडत नाही. घर घेणारा शहाणा असेल तर धातू शोधणारं यंत्र फिरवून आधी अंगण तपासून घेतो. टाकी गळकी निघाली तर ती काढून माती बदलायची की किंमत पाडायची, यावर सौदा अडतो. विकणारा म्हणतो, मला ठाऊकच नव्हती. आणि बहुतेकदा ते खरं असतं.

आता आपल्याकडे येऊ. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. शब्द चांगले आहेत. पण ‘साधारण काळजी’ म्हणजे आपल्या व्यवहारात काय असतं? वकील तीस वर्षांचा सर्च घेतो, सातबारा, फेरफार, इंडेक्स टू पाहतो, बोजा आहे का ते बघतो. सातबाऱ्यावर पीक कळतं, विहीर कळते, सोसायटीचं कर्ज कळतं. जमिनीत क्रोमियम आहे हे कळायला त्यात रकाना नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात सरकारने अशी नोंद घ्यायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

प्रदूषकाने पैसे मोजावेत हे तत्त्व मात्र आपल्या न्यायालयांनी आधीच रुजवलं आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड नावाचं, रंगउद्योगाला लागणारं रसायन बनवलं, फक्त ३७५ टन. त्यातून सुमारे २,४४० टन गाळ निघाला, तो मोकळ्यावर टाकला गेला आणि गावच्या विहिरींचं पाणी तांबडं झालं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना जबाबदार धरून त्यांची स्थावर मालमत्ता जप्त करायचा आदेश दिला. तरीही पैशाचा वाद २०११ पर्यंत चालला. शेवटी चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा हुकूम झाला. तोवर विहिरींचे मालक शेतकरी काय करत होते? ज्याची विहीर तांबडी त्याची जमीन कोण घेणार?

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, हा वाद कोडईकनालला झाला. तिथला थर्मामीटरचा कारखाना १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनहून आला आणि पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे गेला. पारा असलेल्या फुटक्या काचा भंगारवाल्याकडे सापडल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. सफाईचा निकष ठरला, मातीच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम पारा. कार्यकर्त्यांना तो फार सैल वाटला. यात जमिनीच्या किमतीचं गणित दडलेलं असतं. घरं बांधायची असतील तर निकष कडक, गोदाम बांधायचं असेल तर सैल. म्हणून पुढे काय बांधलं जाणार हे आधी ठरावं लागतं आणि ते कागदावर कायमचं बांधून ठेवावं लागतं. औद्योगिक जमीन निवासी करून घेणं ही ज्या महानगर प्रदेशातली नित्याची गोष्ट आहे, तिथे हे कसं पाळलं जाणार?

२४ जुलै २०२५ रोजी केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने आणि स्थानिक संस्थांनी दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज पडली तर पुढच्या ९० दिवसांत सखोल. मग जबाबदार कोण ते ठरवून सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य भार वाटून घेतील. खाणी, किरणोत्सर्गी कचरा आणि शहरांच्या कचराभूमी यांना हे नियम लागू नाहीत. त्या वेळी देशात १०३ दूषित जागांची नोंद होती आणि सफाईचं काम सुरू झालं होतं ते अवघ्या सातांवर.

नियम यंत्रणेला बांधतात. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला शिस्त लावली ती अमेरिकेत बँकांनी, तीही स्वतःचे पैसे बुडाल्यावर. आपल्या बँका थकीत कर्जाच्या मिळकती ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर लिलावात काढतात. जाहिरातीत चौरस फूट असतात, जुन्या कारखान्यात काय बनत होतं ते नसतं. घरासाठी कर्ज देताना टायटल, मंजूर नकाशा, मूल्यांकन हे सगळं मागतात. मातीचा अहवाल सर्रास मागत नाहीत. परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा असलेल्या मोठ्या व्यवहारांत मात्र फेज वन इथेही होतो. त्यामुळे आज असं घडू शकतं की एखाद्या जुन्या कारखान्याच्या जागेवर संकुल उभं राहताना गुंतवणूकदाराच्या फाइलमध्ये त्या मातीचा इतिहास असतो, आणि तिथेच फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात फक्त माहितीपुस्तिका.